घरचं मेणकापड चिकटत का नाही, आणि त्याचा चुरा का पडतो

प्रश्न असा आहे: सुती कापडावर मधमाशीचं मेण किसून पसरलं, वरून इस्त्री फिरवली, कापड कडक आणि पिवळसर झालं. पण वाटीवर बसवलं की कडा सुटतात, घडीवर पांढऱ्या रेघा उमटतात आणि मेणाचे बारीक कण अन्नात पडतात. चुकलं कुठे, प्रमाण काय घ्यायचं, आणि अशा कापडात काय गुंडाळावं, काय गुंडाळू नये?

आधी थोडक्यात सांगते. तुमच्या कापडात राळ नाही, आणि मेण गरजेपेक्षा बरंच जास्त आहे. बाकीच्या तक्रारी या दोन गोष्टींच्या मागोमाग आल्या आहेत. गेली बारा वर्षं मी ही कापडं करते आणि शिकवते. बहुतेकांची पहिली खेप अशीच होते, कारण बऱ्याच ठिकाणी 'मेण आणि कापड, बस्स' एवढंच सांगितलेलं असतं.

मेण स्वतःहून चिकटत नाही. एक तुकडा मुठीत पाच-दहा मिनिटं धरून बघा. तो मऊ पडतो, दाबला की आकार घेतो, पण बोट उचलताना कसलीही ओढ जाणवत नाही. पोळ्यात जिथे अंडी आणि अळ्या असतात तो भाग माश्या ३४ ते ३५ अंश सेल्सिअसवर राखतात. त्या तापमानाला मेण हवं तसं घडवता येण्याइतकं मऊ असतं, तरी मधाचं वजन पेलतं. आपल्या तळहाताची ऊब साधारण तेवढीच. म्हणून हातांनी दाबलं की मेणकापड वळतं आणि हात काढले की गार होऊन त्याच आकारात बसतं. पण आकारात बसणं वेगळं आणि कडेला धरून राहणं वेगळं. धरून ठेवण्याचं काम राळेचं.

राळ म्हणजे इथे पाइन झाडाची राळ. झाडाला चीक येतो, तो तापवला की टर्पेंटाइन वाफेने निघून जातं आणि मागे काचेसारखे पिवळट, पारदर्शक खडे उरतात. व्हायोलिनवादक गजाला घासतात तीच ही वस्तू. नुसती असताना ती ठिसूळ असते, हातोडीच्या एका ठोक्यात भुगा होतो. मेणात विरघळली की मात्र मिश्रणाला चिकटपणा देते. तो चिकटपणाही सोयीचा असतो: कापड कापडाला घट्ट धरतं, काचेला किंवा चिनीमातीला बेताचं, आणि हाताला अगदी थोडं.

तिसरा घटक तेल. मेण आणि राळ दोन्ही गार झाल्यावर कडक होतात, घडीवर तडकतात. थोडं तेल घातलं की लेप लवचीक राहतो. तुमच्या घडीवर पांढऱ्या रेघा पडतात त्याचं एक कारण हे, दुसरं कारण जाड थर. २००८ साली कॅनडात आबीगो या नावाने ही कापडं विकायला सुरुवात झाली. त्यांच्याही घटकांत कापडाखेरीज मेण, झाडाची राळ आणि जोजोबा तेल हेच तीन आहेत. घरी करताना यातला एखादा गाळला तर त्याच्या वाट्याचं काम उरलेले दोघे करू शकत नाहीत.

माझं प्रमाण वजनाने असं आहे: मेण ७० ग्रॅम, राळ २० ग्रॅम, तेल १० ग्रॅम. हे शंभर ग्रॅम मिश्रण ३० सेंटिमीटरच्या आठ ते दहा चौकोनांना पुरतं. चमचा-वाटीच्या मापाने करू नका. किसलेलं मेण वाटीत कसं बसेल याचा नेम नसतो आणि राळेचा भुगा तर दाबला तसा मावतो. डिजिटल वजनकाटा नसेल तर आधी तो मिळवा, मेण नंतर घ्या. हवा खूप गरम असेल तर तेल ७-८ ग्रॅमवर आणते आणि तेवढंच मेण वाढवते, नाहीतर कापड ओशट लागतं. थंड हवेत उलट, तेल १२-१३ ग्रॅमपर्यंत चालतं.

आता एकेका वस्तूकडे येते, कारण अर्धी लढाई सामान निवडतानाच जिंकली किंवा हरली जाते.

मेणाबद्दल मी फार काटेकोर आहे. ते कुठून येतं ते एकदा समजून घ्या म्हणजे का ते कळेल. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणाच्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात. साधारण बारा ते अठरा दिवसांची असताना त्या सगळ्यात जोरात काम करतात आणि त्यांतून पातळ, पांढरे पापुद्रे बाहेर पडतात. असे हजाराच्या आसपास पापुद्रे जमले की एक ग्रॅम मेण होतं. तुमच्या एका कापडावरच्या दहा ग्रॅमचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून मला ते जाड थापलेलं बघवत नाही.

पिकलेल्या मधाची घरं माश्या ताज्या मेणाने झाकून टाकतात. मध काढण्याआधी मधपाळ ही झाकणं सुरीने कापून काढतात. अन्नाशी संबंध येणाऱ्या कापडासाठी हे झाकणांचं मेण घ्यावं. ते नवं असतं, उजळ पिवळं असतं. जुन्या, काळपट पोळ्याच्या मेणात अळ्यांच्या कोशांचे अवशेष आणि मळ असतो. शिवाय माश्यांवरच्या किडींसाठी पेटीत वापरलेली काही औषधं मेणात विरघळून वर्षानुवर्षं साठत जातात. त्यामुळे मधपाळाला सरळ विचारावं, 'झाकणांचं आहे का?' जो स्वतः पेट्या सांभाळतो त्याला हा प्रश्न लगेच समजतो. समोरच्याला समजला नाही, तर तेही एक उत्तरच झालं.

भेसळीचा अनुभव मी घेतलाय. सुरुवातीच्या काळात एका विक्रेत्याकडून स्वस्तात पांढरे दाणे घेतले. वास जवळजवळ नव्हता, पण 'शुद्ध केल्यामुळे वास जातो' असं सांगण्यात आलं आणि मी मानलं. वीस कापडं केली. सगळी निसरडी झाली, आणि आठवड्याभरात घड्यांवर पापुद्रे सुटायला लागले. त्यात पॅराफिन होतं, म्हणजे खनिज तेलापासूनचं मेण. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाहते. तुकडा मोडल्यावर आतला भाग निस्तेज आणि दाणेदार दिसला पाहिजे. मुठीत उबवून मळला तर तो लवचीक व्हावा, पापुद्रे सुटू नयेत. आणि काही महिने पडून राहिलेल्या खऱ्या मेणावर पांढुरकी भुरी चढते, ती उबेने किंवा कापडाने पुसली की जाते. विरंजन केलेलं पांढरं मेणही चांगलं असू शकतं, युरोपात ई ९०१ या क्रमांकाखाली अन्नपदार्थांवरच्या लेपासाठी पांढरं आणि पिवळं दोन्ही मान्य आहेत. पण भेसळ थोडी असेल तर घरगुती परीक्षेत ती पकडता येत नाही. म्हणून खात्रीचा मधपाळ हाच खरा उपाय.

राळ घेताना ती शुद्ध पाइनची, काहीही न मिसळलेली असावी. खडे जाड कापडात बांधून कुटा आणि भुगा हवेत उडू देऊ नका. ज्यांच्या त्वचेला राळेची ॲलर्जी आहे त्यांनी ती वापरू नये. हे मी फक्त सावध राहावं म्हणून सांगत नाही, राळ ही ॲलर्जीच्या तपासणीत नेहमी घेतली जाणारी वस्तू आहे. काही चिकटपट्ट्यांतही ती असते. अशी पट्टी लावल्यावर कधी पुरळ उठलं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. राळ वगळून केलेलं कापड चिकटणार नाही, पण पाव गुंडाळून दोरीने बांधायला चालेल.

तेल जोजोबाचं सगळ्यात चांगलं. ते रासायनिकदृष्ट्या तेल नाहीच, पातळ मेण आहे, त्यामुळे सहसा खवट होत नाही. ते नसेल तर खोबरेल तेल घ्या, त्यातली बहुतेक स्निग्धाम्लं संपृक्त असल्याने तेही बराच काळ टिकतं. फक्त ते २४ अंशांच्या आसपास वितळतं, हे उन्हाळ्यात लक्षात ठेवा. सूर्यफूल, सोयाबीन अशी तेलं घालू नका, महिन्या-दोन महिन्यांत कापडाला खवट वास येतो आणि तो आतल्या अन्नाला लागतो. जवसाचं तेल तर अजिबात नको. ते हवेत वाळून कडक होतं, आणि वाळताना उष्णता सोडतं. त्यात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो.

कापडाबद्दल लोक फार विचार करत नाहीत, आणि तिथेच फसतात. शंभर टक्के सुती हवं, कारण पॉलिस्टरचा धागा मेण पीत नाही, लेप वरवर राहून सुटतो. शंका असेल तर दोन-तीन धागे ओढून चिमट्यात धरून जाळा. सुताची कागदासारखी राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. वीण घट्ट आणि कापड पातळ असावं, पॉपलीनसारखं. कापड दिव्यासमोर धरा. धाग्यांमधली भोकं सुईच्या टोकाएवढी दिसत असतील तर वीण विरळ आहे, ती भरायला मेण जास्त लागेल आणि वळताना भोकं पुन्हा उघडतील. वजनाने बोलायचं तर ३० सेंटिमीटरचा चौकोन ९ ते ११ ग्रॅम भरावा. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली पातळ चादर यासाठी फार छान. जीन्ससारखं जाड कापड घेतलं तर मेणकापडाचा पुठ्ठा होतो.

नवं कापड गरम पाण्यात दोनदा धुवा म्हणजे खळ निघून जाईल आणि जे काही आटायचं ते आधीच आटेल. मऊपणासाठी घालतात ते द्रव धुताना घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि मेण आत शिरू देत नाही. दुसऱ्या धुण्यातही रंग जात असेल तर ते कापड अन्नासाठी नाही. चमकीची छपाई असलेलंही नको. वाळवा, इस्त्री करा, मग उभ्या-आडव्या धाग्याला धरून सरळ कापा. नागमोडी धारेची कात्री असेल तर कडा उसवत नाहीत. नसली तरी चालतं, मेण कडा धरून ठेवतं. मापाचा नियम सोपा आहे: भांड्याच्या तोंडाच्या व्यासात दहा सेंटिमीटर मिळवा, म्हणजे सगळीकडून पाच-पाच सेंटिमीटर कापड खाली दाबायला मिळेल. आणि प्रत्येक तुकड्याचं वजन लिहून ठेवा. हे का, ते पुढे येईलच.

मिश्रण करताना भांडं थेट आचेवर ठेवायचं नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात दुसरं छोटं भांडं बसवा आणि मेण-राळ त्या आतल्या भांड्यात. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, राळ साधारण ७० ते ८० अंशांना मऊ पडायला लागते, म्हणजे उकळत्या पाण्याची उष्णता दोघांना पुरते. थेट आचेवर तापमान कुठवर गेलं ते कळत नाही. ८५ अंशांच्या वर मेणाचा रंग काळवंडू लागतो, आणि २०० अंशांच्या पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते. कधी पेटलंच तर पाणी टाकायचं नाही. झाकण ठेवायचं आणि आच बंद करायची. झाकण म्हणून जवळ ठेवलेली ताटली हा माझ्या सामानातला पहिला नग असतो. खिडकी उघडी ठेवा, राळेची वाफ छातीला बरी नाही.

आधी राळेचा भुगा आणि तेल एकत्र तापवा. राळ हळूहळू वितळते, तळाशी चिकट गोळा होऊन बसते. लाकडी काडीने ढवळत राहा, घाई करू नका, वीस-तीस मिनिटं लागतात. ती एकजीव झाली की किसलेलं मेण घाला. मेण आधी घातलं तर राळ तळाशी तशीच राहते आणि पहिल्या चार कापडांत फक्त मेण जातं, शेवटच्या दोघांत सगळी राळ.

मिश्रण झालं की कापडाला लावण्याआधी एक थेंब गार ताटलीवर टाका आणि दोन मिनिटं थांबा. मग नखाने उचला. सबंध निघाला पाहिजे. वाकवा. कडकन तुटला तर तेल कमी आहे, बोटाला चोपडं लागलं तर तेल जास्त. दुमडून दोन्ही बाजू एकमेकींवर दाबा आणि हळू ओढा. सुटताना बारीक 'चट्' असा आवाज यावा, आणि सुटल्यावर पृष्ठभाग गुळगुळीतच राहावा, धागे ओढले जाऊ नयेत. आवाज आलाच नाही तर राळ कमी. च्युइंग गमसारखे तंतू निघाले तर राळ जास्त, आणि असं कापड उघडताना दर वेळी हात धुवावे लागतील. ही दोन मिनिटं वाचवू नका. मिश्रण भांड्यात असेपर्यंत हवं ते घालता येतं.

आता लावणं. माझी पसंती ओव्हनला, कारण सगळ्या कापडाला सारखी ऊब मिळते. ओव्हन ९० अंशांवर आधी तापवून घ्या. ट्रेवर बेकिंगचा कागद, त्यावर कापड. कापडाच्या वजनाइतकं ते सव्वापट मिश्रण त्यावर सोडा, म्हणजे दहा ग्रॅमच्या कापडाला दहा ते बारा ग्रॅम. ट्रे आत ठेवून दोन-तीन मिनिटांनी बाहेर काढा आणि ब्रशने मधून कडेकडे पसरवा. ब्रश नैसर्गिक केसांचा असावा, आणि तो यापुढे याच कामाचा.

इथे नीट बघा. मिश्रण जिथे शिरलं आहे तिथे कापडाचा रंग ओल्यासारखा गडद होतो, आणि जिथे पोचलं नाही तिथे फिकट बेटं दिसतात. ती बेटं ब्रशने भरून घ्या आणि ट्रे आणखी मिनिटभर आत ठेवा. कापड पूर्ण गडद झालं, पण त्यावर तळं साचलेलं नाही, हाच थांबायचा क्षण. मग दोन कोपरे चिमटीत धरून कापड उचला, ट्रेवर क्षणभर निथळू द्या आणि हवेत अलगद हलवा. अर्ध्या मिनिटात लेप निस्तेज होतो, हाताला कोरडा लागतो. दोरीला चिमट्यांनी टांगा. ट्रेवर जे मिश्रण उरलं त्यावर पुढचं कापड पसरा, ते टिपून घेईल.

तुम्ही इस्त्री वापरली होती, तीही चालते. पण नुसतं मेण किसून नाही. वरचं मिश्रण एखाद्या साच्यात ओतून वडी करा, गार झाल्यावर ती किसा, आणि तो कीस वजन करून पसरा. खाली-वर बेकिंगचा कागद, सगळ्यांखाली जुना टॉवेल, इस्त्री मध्यम, वाफ बंद. इस्त्री घासू नका. मधोमध ठेवा आणि मेण वितळताना दिसेल तशी बाहेरच्या दिशेने सरकवा. जास्तीचं मिश्रण कडेने कागदावर येईल. गार झाल्यावर ते सोलून परत भांड्यात टाकायचं.

भांडी आणि ब्रश गरम असतानाच चिंधीने पुसून घ्या. वितळलेलं मेण मोरीत ओतलं तर ते पुढे नळीत जाऊन थिजतं, आणि मग तिथे पोचणं फार अवघड असतं.

कापडं दोन दिवस तशीच टांगून ठेवा. सुरुवातीचा राळेचा वास उतरतो आणि जास्तीचा चिकटपणाही निवतो. मग गार पाण्याने धुऊन वापरायला काढा. वापरताना कापड भांड्यावर ठेवून दोन्ही तळहातांनी कड दहा-पंधरा सेकंद धरून ठेवा. नुसतं दाबून सोडलं तर ते उघडतं. ऊब लागायला वेळ द्यावा लागतो. तळहात गार असतील तर आधी एकमेकांवर चोळून घ्या.

काय गुंडाळावं? पाव, चीज, अर्धं चिरलेलं फळ किंवा भाजी, कोवळ्या पालेभाज्या आणि सुगंधी पानं, झाकण हरवलेली वाटी. हे कापड पाणी अडवतं, पण वाफ आणि हवा थोडी-थोडी जाऊ देते. त्यामुळे पावाचा वरचा पापुद्रा प्लॅस्टिकमध्ये होतो तसा लिबलिबीत होत नाही आणि चीजला घाम सुटत नाही. त्याच कारणाने कुरकुरीत वस्तू यात नरम पडतात, त्यांना घट्ट झाकणाचा डबाच बरा. कांद्यासाठी एक कापड वेगळं राखा, वास लेपात मुरतो.

कच्चं मांस, मासे आणि फुटलेलं अंडं यात कधीच ठेवू नये. अशा वस्तूंनंतर कापड गरम पाणी आणि साबणाने धुवायला हवं, आणि गरम पाण्यात हे कापड टिकत नाही. म्हणजे ते निर्धोक करण्याचा मार्गच नाही. मेणात आणि त्यातल्या प्रोपोलिसमध्ये (माश्या झाडांच्या चिकापासून करतात त्या डिंकासारख्या पदार्थात) जंतू रोखण्याचा गुण असतो असं सांगून काही जण हा नियम सैल करतात. मला ते पटत नाही. तुमच्या कापडावर तो गुण किती आहे ते कुणी मोजलेलं नसतं. जे अन्न एरवी फ्रिजमध्ये ठेवायला हवं ते मेणकापडात गुंडाळलं तरी फ्रिजमध्येच ठेवायचं, आणि जितके दिवस एरवी ठेवाल तितकेच दिवस.

गरम अन्न पूर्ण गार होऊ द्या. मायक्रोवेव्ह आणि भांडी धुण्याचं यंत्र दोन्ही वर्ज्य. तेलकट वस्तू थेट ठेवू नका, तेल लेपात शिरून तो मऊ करतं आणि मग खरंच कण अन्नाला लागतात. अननसासारखं फार आंबट फळही जास्त वेळ नको. फ्रीझरमध्ये पाव गुंडाळून ठेवता येतो, पण बाहेर काढल्यावर लगेच उलगडू नका, थिजलेला लेप काचेसारखा तडकतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

धुताना गार पाणी, सौम्य साबण, मऊ स्पंज. कडक साबण किंवा सोड्याने धुऊ नका, राळ अल्कलीबरोबर स्वतःच साबण बनते आणि पाण्याबरोबर निघून जाते. अल्कोहोलचा फवाराही मारू नका, राळ त्यात विरघळते. कापड 'निर्जंतुक' करायला म्हणून लोक हेच करतात आणि महिन्याभरात त्याचा चिकटपणा गेला म्हणून विचारतात. धुतल्यावर सावलीत वाळवा. ओलं असताना घडी घातली तर बुरशी येते, आणि बुरशी आलेलं कापड वाचवायचा प्रयत्न करू नये.

नीट वापरलं तर सहा महिने ते वर्षभर जातं. मधे कधीतरी घड्या ठळक होतात, पकड सैल होते. तेव्हा नवं मिश्रण लावण्याआधी नुसतं ओव्हनमध्ये ९० अंशांवर तीन मिनिटं ठेवून बघा. बहुतेक वेळा लेप पुन्हा सारखा पसरला की काम होतं. पांढरट भुरी दिसली तर घाबरू नका, केस वाळवायच्या यंत्राची ऊब दिली की ती जाते. तीच रेघ ऊब देऊनही राहिली तर तिथे लेप उरलेला नाही. कापड पार विटलं की पट्ट्या कापून कंपोस्टमध्ये टाका, सूत आधी कुजतं आणि मेण सावकाश.

मधमाशीचं मेण नको असेल तर कँडेलिला किंवा कार्नोबा ही वनस्पतींची मेणं आहेत. दोन्ही जास्त कडक असतात, कार्नोबा तर ८२ अंशांच्या पुढे वितळतं. त्यामुळे तेल वाढवावं लागतं आणि वरचं प्रमाण तसंच उचलता येत नाही.

आता तुमच्याकडे पडलेली कापडं. ती टाकू नका. त्याच कापडाचा कोरा तुकडा शिल्लक असेल तर तेवढ्याच मापाचा कापून वजन करा, म्हणजे मेणाशिवाय कापड किती ते कळेल. समजा ते दहा ग्रॅम आहे आणि तुमचं मेणकापड भरतं अठ्ठावीस ग्रॅम, तर मेण अठरा ग्रॅम झालं, जवळजवळ दुप्पट. ते कापड आणि एक कोरं धुतलेलं कापड एकावर एक ठेवा, बेकिंगच्या कागदांमध्ये घालून इस्त्री फिरवा आणि गरम असतानाच दोन्ही वेगळी करा. कोरं कापड जास्तीचं मेण पिऊन घेईल. पुन्हा वजन करा. कापडासकट वजन अठरा ग्रॅमच्या आसपास येईपर्यंत, म्हणजे आठ ग्रॅम मेण उरेपर्यंत हे करायचं.

मग राळ दोन भाग आणि तेल एक भाग असं मिश्रण वितळवून घ्या आणि त्यातलं चार ग्रॅम या कापडावर ब्रशने पसरवून ओव्हनमध्ये किंवा इस्त्रीखाली मुरवा. आठ ग्रॅम मेणात चार ग्रॅम हे मिश्रण मिळालं की प्रमाण जवळपास तेच, सत्तर-वीस-दहाचं होतं. आणि ज्या कोऱ्या कापडाने मेण टिपलं त्यातही आता आठ-दहा ग्रॅम मेण आहेच. त्यालाही हेच मिश्रण चार-पाच ग्रॅम लावा, दुसरं मेणकापड तयार.